ड्रायर फिरतो पण तापत नाही: थर्मल फ्यूज एकटाच बदलावा का?

पडवी_गुहागर
नमस्कार मंडळी. निवास-न्याहारीच्या चादरी-टॉवेलांसाठी साडेपाच किलोचा व्हेंटेड (दमट हवा पाइपाने बाहेर टाकणारा) ड्रायर आहे, २३० व्होल्ट, २००० वॅट. परवापासून ड्रम फिरतो, पंखा चालतो, पण हवा गार. प्लग काढून मागचं झाकण उघडलं आणि मीटर लावला. हीटर २७ ओहम दाखवतो. हीटरच्या डब्यावर थर्मल फ्यूज आणि एक थर्मोस्टॅट (जास्त तापलं की हीटर तोडणारा) शेजारी-शेजारी आहेत; त्यातला फ्यूज ओपन, म्हणजे आतून तुटलेला. तो थर्मोस्टॅट आणि पंख्याजवळचा दुसरा, दोन्हींत कंटिन्युइटी आहे, म्हणजे वीज आरपार जाते.

फ्यूज तेवढा बदलून भागेल का? राइस कुकरचा १० अँपिअरचा फ्यूज इथेच मिळतोय, मूळ भागाला आठवडा लागेल. पाइप चार इंची, पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर काढलाय. त्या बाजूला जूनपासून ताडपत्रीची झड बांधलेली आहे.

मल्टीमीटर_रत्नागिरी
हीटरची तार शाबूत आहे. २३० चा वर्ग भागिले २००० केलं की साडेसव्वीस ओहम येतात, तुमचे २७ त्याच्या जवळच आहेत. आता हीटरच्या दोन्ही वायरी सोडवा, मीटरचं एक टोक टर्मिनलला आणि दुसरं डब्याच्या पत्र्याला लावा. काहीही दाखवता कामा नये. तार सुटून पत्र्याला टेकली असेल तर फ्यूज कितीही बदला, पुन्हा जाणार.

राइस कुकरचा फ्यूज अजिबात लावू नका. मशीन पावणेनऊ अँपिअर घेतं म्हणून १० चा चालेल, असं वाटतं. पण हा फ्यूज उडतो तो तापमानाने, आणि किती तापमानाला उडायला हवा ते जुन्या फ्यूजच्या अंगावर छापलेलं असतं. अंश आणि अँपिअर दोन्ही जुळले पाहिजेत. शिवाय कुकरचा फ्यूज वायरवर लोंबतो, पत्र्याला घट्ट बसत नाही, त्यामुळे डबा किती तापलाय ते त्याला कळतच नाही. सोल्डर करायला गेलात तर सोल्डरिंगच्या आचेनेच आतली गोळी वितळायची. आणि फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा जोडून ‘दोन दिवस चालवू’ हा विचारही नको. आत कापसाची भुकटी असते, ती पेटते.

थर्मोस्टॅट गार असताना कंटिन्युइटी दाखवणारच. ज्याचे कॉन्टॅक्ट चिकटून बसलेत तोही दाखवतो. पंख्याजवळचा तपासता येतो: त्याची धातूची बाजू गरम पाण्याला टेकवा, टर्मिनल कोरडे ठेवा, मीटर लावलेला असू द्या. अंगावर छापलेल्या तापमानाच्या आसपास ‘टक्’ आवाज होऊन ओपन झाला आणि गार झाल्यावर पुन्हा जुळला, तर चांगला. डब्यावरचा शंभर अंशांच्या वर उघडतो, तो पाण्यात कळणार नाही. त्याचं तपासणं सोडा, फ्यूजसोबत नवाच घ्या. फ्यूज उडाला याचा अर्थ त्या थर्मोस्टॅटने वेळेत हीटर तोडला नाही, किंवा तोडूनही डबा तापत राहिला.

दर्यावर्दी_मालवण
माझ्या मते गोम झडीत आहे. पाइपाचं तोंड ताडपत्रीच्या आत आलंय का ते आधी बघा. वारा सुटला की ताडपत्री भिंतीला चिकटते, हवेची वाट बंद होते, डब्यावरचा थर्मोस्टॅट दर काही मिनिटांनी उघड-मीट करत राहतो. महिनाभर असं चाललं की त्याचे कॉन्टॅक्ट जळून चिकटतात, मग फ्यूजची पाळी. पाइपाचं तोंड झडीच्या बाहेर काढा, वर तिरकी पत्र्याची टोपी द्या. जाळी लावू नका, पंधरा दिवसांत भुकटीने बुजते. बाहेरची झडप बोटाने हलवून बघा. कुंभारीण माशी पाइपात मातीचं घर करते आणि झडप अडकते. पाइप अ‍ॅल्युमिनियमचा हवा, प्लॅस्टिकचा नको, आणि मशीन भिंतीला ढकलताना चेपलेला नको. प्रत्येक काटकोनी वळण म्हणजे पाइप दीड मीटरने लांबला असं धरा.

पडवी_गुहागर
बरोबर ओळखलंत. तोंड ताडपत्रीच्या आत होतं, आणि पाइपात ओल्या भुकटीचा लगदा. हीटर पत्र्याला टेकलेला नाही. फ्यूज आणि डब्यावरचा (हाय-लिमिट) थर्मोस्टॅट एकत्र मागवलेत. व्होल्टेज फार कमी-जास्त होतं इथे, त्याने गेला असेल का?

मल्टीमीटर_रत्नागिरी
कमी व्होल्टेजने सहसा नाही. १८० ला हीटर जेमतेम १२०० वॅट देतो, कपडे वाळायला वेळ लागतो इतकंच. २५० ला मात्र १८ टक्के जास्त तापतो, आणि पाइप बुजलेला असला की तेवढं पुरतं. लाइट जाणं जास्त वाईट. पंखा थांबतो, हीटर लाल असतो, डब्यातली उष्णता तिथेच कोंडते आणि फ्यूज जाऊ शकतो. लाइट गेली की दार उघडून कपडे लगेच बाहेर काढा, गरम ढीग आत ठेवू नका.

वायरमनदादा_चिपळूण
बसवताना टर्मिनलांकडे नीट बघा. खाऱ्या हवेने ती हिरवी-काळी पडतात, सैल होतात, सैल टर्मिनल स्वतः तापतं आणि ती उष्णता थेट फ्यूजमध्ये उतरते. तसं दिसलं तर टर्मिनल कापून नवं ६.३ मिलिमीटरचं दाबून बसवा, चिमट्याने ओढून निघता कामा नये. वायर काळी पडली असेल तर सिलिकॉनची किंवा काचधाग्याच्या आवरणाची घ्या. साधी पीव्हीसी ७० अंशांपलीकडे टिकत नाही.

वायरी सोडवण्याआधी फोटो काढा. फ्यूजची बैठक पत्र्यावर सपाट बसू द्या, स्क्रू नीट आवळा. झाकण लावल्यावर आधी रिकामं मशीन दहा मिनिटं चालवा आणि बाहेर पाइपापुढे हात धरा: हवा जोरात आणि गरम यायला हवी. नुसती कोमट, मंद झुळूक आली तर थांबा. पाइप अजून कुठेतरी बुजलेला आहे, आणि तसाच चालवलात तर नवा फ्यूजही जाईल.