भाचीला रिअल इस्टेटमध्ये पदवी घ्यायचीय. घरात दोन तट पडलेत, तुमचं मत हवंय

मानद_सचिव (ठाणे)

ताईच्या घरी पंधरा दिवस हाच विषय चाललाय. भाची बी.कॉम. झाली, गुण उत्तम आहेत. तिला मालमत्तेतली गुंतवणूक आणि मालमत्तेचं व्यवस्थापन या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय. भावोजींचं म्हणणं, "दलाली करायला विद्यापीठात कशाला जायचं? गुपचूप सीए कर." ताई अजून कुठल्याच बाजूला नाही. मला मात्र पोरीचं बरोबर वाटतं. का, ते लिहितो. विरोधी मतंही हवीत, कारण रविवारी भावोजींसमोर बसायचंय.

मी बँकेतला माणूस. अकरा वर्षं आमच्या सोसायटीचा मानद सचिव होतो. १९८९ची इमारत, २८ फ्लॅट, लिफ्ट नाही. उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या पाव टक्का दरवर्षी सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीच्या निधीत, जायला हवा, आणि आम्ही तो इमानदारीने काढत होतो. पण खर्च कधीचा, तर १९८९चा! एका फ्लॅटचा लाखभर धरा, म्हणजे वर्षाला अडीचशे रुपये. पंचवीस वर्षांचे २८ घरांचे झाले पावणेदोन लाख, वर काय व्याज मिळालं ते. गच्ची गळायला लागली, बाहेरचं प्लास्टर सुटायला लागलं आणि अंदाजपत्रक आलं, तेव्हा त्या पैशात परांचीचं भाडंही निघेना. नियम पाळूनही आम्ही कंगाल. पन्नास वर्षं उभ्या राहणाऱ्या वस्तूचा खर्च आजच कसा मांडायचा, हे त्या दिवशी खोलीतल्या एकालाही येत नव्हतं. आम्ही सगळे शिकलेले होतो, हे मला जास्त लागलं.

दुसरी गोष्ट गेल्या वर्षीची. पुनर्विकासासाठी बिल्डरांचे प्रस्ताव आले. त्यातल्या एकाने ४५ टक्के जादा क्षेत्रफळ देऊ केलं, दुसऱ्याने ३०. सभेत ४५ म्हटल्याबरोबर टाळ्या. भाची तेव्हा आमच्याकडे राहायला आलेली. तिने दोन्ही कागद मागून घेतले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले. ४५ टक्के होते जुन्या करारनाम्यातल्या ४२० चौरस फुटांवर, म्हणजे ६०९. तीस टक्के होते प्रत्यक्ष मोजणीतल्या ४७० वर, म्हणजे ६११. शिवाय ६०९मध्ये ४० फुटांची बाल्कनी धरलेली, जी रेरा या बांधकाम क्षेत्राच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेत, येतच नाही. बांधकाम चालू असताना बिल्डर जे पर्यायी जागेचं भाडं देतो, ते पहिल्याचं चोवीस महिन्यांनी बंद होणार होतं, दुसऱ्याचं ताबा मिळेपर्यंत चालू. हे सगळं तिने एका संध्याकाळी काढलं. दुसऱ्या दिवशी मी तो कागद नोटीस बोर्डावर लावला.

हे काम कुणीतरी नीट शिकून, पोटापाण्याचं म्हणून करायला हवं असं मला मनापासून वाटतं. आपल्या राज्यात लाखो कुटुंबांची जन्माची कमाई ज्या इमारतींत अडकलीय, त्या आपण संध्याकाळी सातनंतर फावल्या वेळात चालवतो.

सातबारा_वाचक (डोंबिवली)

सचिवसाहेब, तळमळ पोचली, मत पटलं नाही. तुमच्याच गोष्टीत उत्तर आहे. पोरीने तो हिशोब बी.कॉम.च्या जोरावर केला. मग पदवी कशाला?

मी २००२पासून कल्याण-डोंबिवली पट्ट्यात जमिनी आणि फ्लॅटचे व्यवहार करतो. मध्यंतरी माझ्याकडे एक एमबीए झालेला मुलगा कामाला होता. हुशार, वागायला चांगला. एका प्लॉटचा त्याने लॅपटॉपवर असा तक्ता केला की बघत राहावं, पाच वर्षांत किती परतावा ते दशांशापर्यंत. मी फक्त सातबारा मागितला. वारसांच्या नावांत एक नाव कंसात. फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, काढला, तर बहिणीचं नाव कमी केलेलं, आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा पत्ता नाही. ती बाई नाशिकला, हयात, आणि तिला यातलं काहीच ठाऊक नाही. घेणारा पेन्शनीचे पैसे घालणार होता. तो कंस कुठल्या वर्गात शिकवतात सांगा.

तुमच्या प्रस्तावांचंही तेच. ६०९ की ६११ हे कागदावरचं. आधीच्या तीन इमारती बिल्डरने कधी पुऱ्या केल्या, किती जणांना भाडं थकवलं, हे बघायला महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखालच्या आपल्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर मुदतवाढी आणि तक्रारी वाचाव्या लागतात, आणि मग त्या इमारतींखाली जाऊन उभं राहावं लागतं. माणसं बोलतात.

महारेराने २०२३ला आम्हा एजंटांना वीस तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा लावली. मी दिली, चांगलीच गोष्ट झाली. त्यावर अनुभव. एवढं पुरतं. दोन वर्षं आणि लाखो रुपये फीमध्ये घालण्यापेक्षा पोरीला एखाद्या चांगल्या वकिलाकडे टायटल सर्चला, म्हणजे मालकीहक्काचे कागद तपासायला, बसवा.

मानद_सचिव (ठाणे)

कंसाचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण दादा, हे जे तुम्हाला येतं ते लिहून कुणी ठेवलंय? तुम्ही उद्या दुकान बंद केलंत की ते तुमच्याबरोबर गेलं. हाडं बसवणारेही पिढ्यानपिढ्या होते, त्यातले काही फार हुशार होते. तरी आपण अस्थिरोगतज्ज्ञ तयार केलेच ना? तो कंस वर्गात शिकवत नसतील तर शिकवायला लावू या. म्हणून विषयच नको, हे कसं?

आणि तुम्ही खरेदी-विक्रीबद्दल बोलताय. मी त्यानंतरच्या पन्नास वर्षांबद्दल बोलतोय.

भाड्याचा_चौथा_मजला (हिंजवडी)

मला दोघांचंही पटत नाही, आणि माझा आक्षेप वेगळा आहे. व्यवस्थापन शिकवा, जरूर शिकवा. पण "मालमत्तेतली गुंतवणूक" हा विद्यापीठाचा विषय व्हावा याचंच मला दुःख वाटतं.

सात वर्षांत सहा घरं बदलली. अकरा महिने झाले की मालकाचा फोन, दहा टक्के वाढवा नाहीतर बघा दुसरं. गेल्या वेळी अनामत रकमेतून रंगाचे पैसे कापले. ज्या भिंतीचे कापले ती मी येण्याआधीपासून ओलीने फुगलेली होती. माझ्याकडे पहिल्या दिवशीचा फोटो होता. मालक म्हणाले, "फोटोचं काय, कोर्टात जाणार का?" माझ्याच मजल्यावर तीन फ्लॅट कुलूपबंद आहेत. कुणाचे तरी "गुंतवणुकीचे". २०११च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटीहून जास्त घरं रिकामी निघाली होती. एकीकडे झोपडपट्ट्या, एकीकडे कुलपं. अशा देशात हुशार पोरांना आपण काय शिकवणार, एका घरातून आणखी किती पिळता येईल ते? सरकारी नगररचना विभागात माणसं कमी आहेत, तिकडे पाठवा ना भाचीला.

मूल्यांकक_सिव्हिल (नाशिक)

मी नोंदणीकृत मूल्यांकक आहे, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवून देतो. सिव्हिलची पदवी, नंतर गुजरातेत वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठात मूल्यांकनाचं पदव्युत्तर शिक्षण. म्हणजे या धाग्यात ज्यावर वाद चाललाय ते मी केलंय.

हिंजवडीकर, तुमचा राग समजतो. पण ती तीन कुलपं लागली कारण घेणाऱ्यांना गुंतवणूक येत नाही. हिशोब बघा. एक कोटीचा फ्लॅट, भाडं २८ हजार. वर्षाचे ३ लाख ३६ हजार. यातून मेंटेनन्सचे ४८ हजार, एक महिना रिकामा गेला त्याचे २८, मालमत्ता कर पंधरा, दुरुस्ती आणि रंग पंधरा, दलाली सरासरी चौदा. १ लाख २० हजार गेले, उरले २ लाख १६ हजार. म्हणजे कोटीवर सव्वादोन टक्केही नाहीत. आणि त्यासाठी साडेआठ टक्क्यांचं कर्ज! नुकतीच नोकरी लागलेली मुलं हे करतात, आईवडील पाठ थोपटतात, कारण "जागा कधी उतरत नाही". माझ्या ऑफिसात हा कागद मी ज्यांच्यासमोर मांडतो, त्यातले निम्मे गप्प बसतात. गुंतवणूक नीट शिकवली तर कुलपं कमी होतील, असं माझं ठाम मत आहे.

घरांच्या पलीकडेही बघा. ऐरोलीची, खराडीची आयटी पार्कं आज रीटमध्ये आहेत, म्हणजे भाड्याच्या इमारती बाळगून शेअरसारखे हिस्से विकणाऱ्या ट्रस्टमध्ये. देशातलं पहिलं रीट २०१९ला बाजारात आलं. वाटण्याजोग्या रोख रकमेतला किमान ९० टक्के हिस्सा गुंतवणूकदारांना द्यावाच लागतो, आणि २०२१पासून दहा-पंधरा हजारांतही त्यात शिरता येतं. म्हणजे शाळामास्तरही आता ऑफिसच्या भाड्यात वाटेकरी. त्या भाडेकरारातला लॉक-इन (ज्या काळात करार सोडता येत नाही तो) किती, दर तीन वर्षांनी वाढ किती, मोठा भाडेकरू निघून गेला तर काय, हे बघणारी शिकलेली माणसं लागतात, आणि ती कमी आहेत.

सचिवसाहेब, एक सूचना मात्र गांभीर्याने घ्या. भाचीला पुढे मूल्यांकक व्हायचं असेल तर २०१७च्या नियमांत जमीन-इमारत वर्गासाठी पात्रता ठरवून दिलीय. सिव्हिल, वास्तुरचना किंवा नगररचनेची पदवी, नाहीतर मूल्यांकनातलं दोन वर्षांचं पूर्णवेळ पदव्युत्तर शिक्षण, आणि वर अनुभव. "रिअल इस्टेट एमबीए" असं नाव असलं म्हणजे ते त्यात बसेलच असं नाही. प्रवेशाआधी विद्यापीठाकडून लेखी उत्तर घ्या. माझ्याकडे अशी दोन मुलं रडकुंडीला येऊन गेलीत.

थेम्सकाठी (रेडिंग)

मी इथे इंग्लंडमध्ये रेडिंगलाच रिअल इस्टेटमध्ये मास्टर्स केलं, आता लंडनमध्ये निवासी इमारतींचं व्यवस्थापन बघते. मूळची साताऱ्याची.

माझा कोर्स सुरू झाला २०१७च्या शरद ऋतूत. त्याच वर्षी १४ जूनला लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसं गेली. बाहेरून बसवलेल्या आवरणामुळे आग वर चढत गेली. रहिवासी कित्येक दिवस आगीच्या धोक्याबद्दल लिहीत होते. आमच्या वर्गात मॅनेजमेंट हा विषय तोवर जरा दुय्यम मानला जायचा, सगळ्यांचा ओढा गुंतवणुकीकडे. त्या वर्षी तसं राहिलं नाही. पुढे २०२२चा इमारत सुरक्षा कायदा आला. आता किमान १८ मीटर उंच किंवा किमान सात मजली निवासी इमारतींसाठी जबाबदार कोण, ते कागदावर ठरवावं लागतं. मी अशा इमारतींची फाइल सांभाळते: कुठल्या मजल्यावरचं आगरोधक दार कधी तपासलं, कुणी तपासलं, बिजागरी बदलली का.

सचिवकाका, त्याच २०१७च्या जुलैत घाटकोपरला इमारत कोसळून १७ जण गेले होते. तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप होता. तेव्हा मी इकडे यायची तयारी करत होते, बातम्या बघत बॅग भरत होते. खांबाला हात लागताना "थांबा" म्हणायचा अधिकार आणि ज्ञान असलेलं माणूस इमारतीत असावं, एवढंच मला वाटत होतं.

पण भाचीला परदेशी पाठवायचा विचार असेल तर हेही सांगते. इथे शिकलेलं निम्मं इथेच राहतं. इथली लीजहोल्डची, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याने घर घेण्याची, पद्धत, एका घरावर २५० पौंडांहून जास्त खर्च येणार असेल तर दुरुस्तीआधी रहिवाशांना द्यायच्या नोटिसा, यातलं ठाण्यात काही चालणार नाही. तिकडे सहकारी संस्थांचा कायदा, मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने केली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं), सातबारा सगळं पहिल्यापासून. कर्ज काढून आलात तर ते इथे पौंडांत कमावूनच फेडायची तयारी हवी. परत जायचं नक्की असेल तर तिकडेच शिकू दे.

भाड्याचा_चौथा_मजला (हिंजवडी)

मूल्यांकक सर, हिशोब आवडला, पटला मात्र अर्धाच. भाडं परवडत नाही हे कळल्यावर लोक फ्लॅट विकणार नाहीत, भाडं वाढवायला बघतील. तरीही थेम्सकाठी ताईंनी लिहिलेलं वाचून एक मान्य करतो. माझ्या ओल्या भिंतीची नोंद ठेवणारं, पहिल्या दिवशी दोघांच्या सह्या घेणारं कुणी असतं तर भांडण झालंच नसतं. व्यवस्थापनाला माझा पाठिंबा, आधीही होता. कोर्सच्या नावात आधी "गुंतवणूक" येतं, ती मागे टाका.

सातबारा_वाचक (डोंबिवली)

घाटकोपरचं वाचून थांबलो. आमच्याकडेही तळमजल्याच्या गाळ्यांत भिंती पाडतात, आणि विकताना कुणी विचारत नाही. मीही विचारलेलं नाही, खोटं कशाला बोलू.

पदवीबद्दल मत तेच आहे. वर्गात बसून जमीन कळत नाही. पण सचिवसाहेब, पोरगी जाणारच असेल तर प्रवेशापर्यंतचे दोन महिने तिला माझ्याकडे पाठवा. पगार देईन. फेरफार वाचायला शिकवतो, जुनी मोडीतली नोंद आली तर कुणाकडे जायचं तेही दाखवतो. मग विद्यापीठात जाऊन मास्तरांना तो कंस तिनेच विचारावा.

मानद_सचिव (ठाणे)

दादा, तिला आत्ताच फोन केला. सोमवारी पहिल्या लोकलने येते म्हणाली. विचारत होती, येताना आमच्या सोसायटीचा प्रॉपर्टी कार्ड उतारा आणू का. १९८९पासून जमीन बिल्डरच्याच नावावर आहे, आणि एवढ्या वर्षांत मी तो उतारा एकदाही नीट वाचलेला नाही. आणायला सांगितलाय.