मदत हवी आहे: हवेचं यंत्र १८० दाखवतंय, तक्रार कुठे करू?

काजूबी: लवकर सांगा, गुरुवारी ग्रामसभा आहे. राजापूर तालुका. ऑनलाइन यंत्र मागवलंय, रोज सकाळी १८०-२०० दाखवतं. सरपंच म्हणतात, खेळणं आहे, पोरांना द्या. कलमांच्या पानांवर पांढरा थर, आईचा खोकला जात नाही. हा आकडा चालेल का, एवढंच सांगा. थकलेय मी.

खाडीकाठ: १८० काय? पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक कण) की एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक)? यंत्र कुठे ठेवलंय? आणि तक्रार कोणाविरुद्ध, ते लिहिलंच नाहीत.

काजूबी: गावच्या दगड फोडायच्या क्रशरविरुद्ध, आणखी कोणाविरुद्ध? पीएम २.५. पडवीत ठेवलंय, न्हाणीच्या भिंतीला, प्लग तिथेच आहे.

खाडीकाठ: न्हाणीत चूल आहे?

काजूबी: आहे की. सकाळी आंघोळीचं पाणी तापतं. का?

चिरेबंदी: अहो ताई, स्वतःच्याच चुलीवर केस करताय 😄

डोंबिवलीचा_चाकरमानी: सरळ हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर घ्या. आम्ही घेतलाय, झोप मस्त लागते.

चिरेबंदी: कौलारू घरात? तो काय अख्ख्या गावाची हवा गाळणार?

खाडीकाठ: ताई, यंत्र तिथून हलवा. चुलीपासून लांब, सावलीत, पावसादवापासून आडोशाला, माणसाच्या उंचीवर. ही स्वस्तातली यंत्रं लेझरच्या उजेडात कण मोजतात. पहाटे दव-धुकं असलं की कण ओल धरून फुगतात आणि आकडा उगाच चढतो. उलट क्रशरची जाडी धूळ त्यांना नीट मोजताच येत नाही. म्हणजे तुमच्या पानांवरचा थर खरा आणि १८० वेगळ्याच कशाचे, असंही असू शकतं. शिवाय आपल्याकडची पीएम २.५ ची मर्यादा ६० आहे ती २४ तासांच्या सरासरीची. सकाळच्या एका आकड्याची तिच्याशी तुलना केलीत तर सरपंच हसणारच.

तर्कट: क्रशरच्या नावाने सगळे बोंबलतात. फाल्गुन-चैत्रात शेतात पालापाचोळा जाळून भाजावळ करता तेव्हा धूर कुठे जातो?

चिरेबंदी: भाजावळ चार दिवसांची, क्रशर आठ महिने. तुम्ही कुठे राहता हो, ठाण्यात?

तर्कट: मुद्द्यावर बोला.

हापूसवाला: मोहोरावर धूळ बसली की तुडतुडा वाढतो का? फवारणी कधी घ्यावी?

गोड्या_डाळीची_आमटी: मी दुसऱ्या तालुक्यात यातून गेलेय. आकड्याचा नाद सोडा. क्रशरला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं, त्यात अटी असतात. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून प्रत मागवा. क्रशरच्या नियमांत धूळ दाबायची यंत्रणा, वारा अडवणारी भिंत, आतले रस्ते पक्के, जमिनीवर पाणी मारणं, कडेने झाडं हे सगळं आहे. यंत्रापासून ३ ते १० मीटरवर धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये, तेही आहे, पण ते मोजायचं काम मंडळाचं. भिंत आहे की नाही हे बघायला सेन्सर लागत नाही, फोटो पुरतो.

खाडीकाठ: पटलं. पण नोंदवही हवीच. तारीख, वेळ, वारा कुठून, क्रशर चालू की बंद. आणि एक यंत्र क्रशरपासून लांबच्या वाडीत, तुलनेला.

गोड्या_डाळीची_आमटी: दोन यंत्रं कुठून आणणार त्या? माहितीला महिना जातो, तोवर पांढऱ्या ताटलीचे फोटो काढा. रात्री अंगणात ठेवायची, सकाळी त्यावर बोट ओढायचं. आमच्या ग्रामसभेत त्याच ताटलीने काम केलं.

काजूबी: काल यंत्र माडाखाली हलवलं. सकाळी ७०. रात्री दोनला बघितलं तर १४०. तेव्हा चूल नाही, धुकंही नव्हतं. ताटलीवर बोटाची रेघ उठली.

खाडीकाठ: क्रशर घराच्या कुठल्या बाजूला?

काजूबी: पूर्वेला, वर कातळाच्या सड्यावर.

खाडीकाठ: मग रात्री मतलई वारा, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, थेट तुमच्या अंगणात. पण रात्री क्रशर बंद असेल ना?

काजूबी: छे, रात्रीच चालतो. दिवसा लोक बघतात म्हणून.

चिरेबंदी: हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं ना ताई!!

गोड्या_डाळीची_आमटी: संमतीपत्रात रात्रीच्या कामाबद्दल काय अट आहे ते आधी बघा. गुरुवारी १४० नका सांगू. रात्री दोनचा आवाज ऐकवा, ताटली दाखवा, आणि मंडळाने येऊन मोजावं असा ठराव लिहून घ्या.

हापूसवाला: फवारणीचं कोणी सांगेल का?