एरी काउंटी: मतदार फिरतात, की मतदानाला येणारी माणसं बदलतात?

सरोवरकाठी:
दर चार वर्षांनी टीव्हीवाले पेनसिल्व्हेनियातल्या एरीला येतात, नाश्ता करणाऱ्या चार जणांना प्रश्न विचारतात आणि 'इथला मतदार चंचल आहे' असं सांगून परत जातात. मी याच काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात; एरी शहर तिचाच एक भाग) राहतो आणि मला हे अजिबात पटत नाही.

निकाल बघा. २०१२ मध्ये ओबामा इथे सुमारे सोळा टक्क्यांच्या फरकाने जिंकले. २०१६ मध्ये ट्रम्प दोन हजारांहून कमी मतांनी पुढे. १९८४ च्या रेगन यांच्यानंतर रिपब्लिकन उमेदवाराला ही काउंटी तेव्हा प्रथमच मिळाली. २०२० मध्ये बायडन, तेही चौदाशेच मतांनी. २०२४ मध्ये परत ट्रम्प, पुन्हा काठावर.

मला याचं कारण कारखान्यात दिसतं. शहराला लागून लॉरेन्स पार्कमध्ये जनरल इलेक्ट्रिक (जीई) ही कंपनी रेल्वेची इंजिनं बनवायची. २०१५ मध्ये कंपनीने दीड हजार नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. काम टेक्सासच्या फोर्ट वर्थकडे सरकत होतं. लोक घरी बसत होते, नेमके तेव्हा ट्रम्प कारखाने परत आणू म्हणत होते. मग २०१७ मध्ये, ते सत्तेत असताना, कंपनीने इंजिनबांधणी एरीतून हलवायचं ठरवलं. २०१९ मध्ये कारखाना वॅबटेक या रेल्वेसामग्री बनवणाऱ्या कंपनीकडे गेला. नव्या कामगारांना कमी पगार आणि सक्तीचा ओव्हरटाइम, या अटींवरून लगेच नऊ दिवसांचा संप झाला. ज्याने शब्द दिला त्याला लोकांनी जाब विचारला. यात चंचलपणा कुठे आला?

आकडेमोड:
गोष्ट ऐकायला चांगली आहे, पण मतं ती सांगत नाहीत. २०१६ मध्ये ट्रम्प यांना इथे सुमारे ६० हजार मतं होती, २०२० मध्ये जवळपास ६७ हजार. लोकांनी जाब विचारला असता तर मतं घटायला हवी होती, ती वाढली! बायडन जिंकले ते त्यांच्या बाजूने दहा हजार माणसं जास्त आली म्हणून. २०१९ च्या कायद्याने पेनसिल्व्हेनियात कारण न देता टपालाने मतदान करता येऊ लागलं, त्यात कोविड. मतदार फिरले नाहीत, मतदान वाढलं.

सरोवरकाठी:
२०२० बद्दल तुमचं म्हणणं वजनदार आहे. पण मग २०१६ घ्या. एकूण मतदान २०१२ पेक्षा फार वेगळं नव्हतं. डेमोक्रॅटिक मतं ६८ हजारांवरून ५८ हजारांवर आली आणि रिपब्लिकन मतं ४९ हजारांवरून ६० हजारांवर गेली. दहा हजार इकडे कमी, अकरा हजार तिकडे जास्त. हे सगळे वेगवेगळे लोक होते असं म्हणायचं आहे का?

आकडेमोड:
काही फिरले असतील, मान्य. सगळे नाही. बेरजेवरून माणूस ओळखता येत नाही.

पिट्सबर्गकर:
तुम्ही दोघंही 'एरी' म्हणताय ते काउंटीबद्दल. शहर आजही डेमोक्रॅटिकच आहे. कॉरीसारखी लहान गावं आणि नॉर्थ ईस्टकडचा द्राक्षांचा पट्टा रिपब्लिकन. निकाल ठरतो तो मधल्या मिलक्रीकसारख्या उपनगरांत, आणि तिथे इंजिनं जोडणारे कमी, विमा कंपनीत आणि हॉस्पिटलात काम करणारे जास्त. १९६० मध्ये शहरात १ लाख ३८ हजार लोक होते, २०२० मध्ये ९४,८३१ उरले. अनेक जण याच उपनगरांत गेले. शहराच्या पूर्व भागातल्या जुन्या पोलिश वस्तीत युनियन आणि चर्च दोन्ही मिळून मत ठरायचं, ती घडीच मोडली. एका कारखान्यावर सगळं लादू नका.

शिवाय शहराची घसरण थोडी थोपवली ती निर्वासितांनी. नेपाळी बोलणारे भूतानी, बोस्निअन, सीरियन, काँगोचे लोक इथे स्थिरावले. त्यांतले बरेच आता नागरिक आहेत, मतदार आहेत. त्यांचा उल्लेख तुमच्या गोष्टीत कुठेच नाही.

सातपुडा:
एक जोड देतो. भारतीय रेल्वेने २०१५ मध्ये जीईला हजार डिझेल इंजिनांचं कंत्राट दिलं, त्यातली सुरुवातीची इंजिनं एरीत बनून आली आणि पुढची बिहारमधल्या मढौऱ्याच्या कारखान्यात. 'कामं परदेशी गेली' हा एरीतला राग आपण भारतीयांनी तरी 'अडाणी गोऱ्यांचा त्रागा' म्हणून उडवून लावू नये. त्या कंत्राटाने तिथल्या लोकांना काही काळ कामही दिलं, हेही तितकंच खरं.

सरोवरकाठी:
@पिट्सबर्गकर, निर्वासितांबद्दल तुम्ही योग्य बोललात, ते माझ्या मांडणीत यायला हवं होतं. उपनगरांबद्दल मात्र वाद आहे. मिलक्रीकमधल्या किती घरांत बाप जीईतून निवृत्त झालेला आहे, ते तिथे राहिल्यावरच कळतं. मुलगी हॉस्पिटलात असली तरी जेवणाच्या टेबलावर विषय कारखान्याचाच निघतो.

@आकडेमोड, तुमच्या मोजणीत न बसणारी एक गोष्ट सांगतो. २०२० मध्ये बायडन आले. पुढच्याच वर्षी काउंटीचा कारभारी रिपब्लिकन निवडून आला. २०२२ मध्ये गव्हर्नरपदाला शपिरो आणि सिनेटला फेटरमन, दोघेही डेमोक्रॅट, इथे पुढे होते, आणि फरक बायडनपेक्षा कितीतरी मोठा. २०२४ ला ट्रम्प. दरवेळी फक्त येणारी माणसं बदलली असं मानलं, तरी ती कोणामुळे आली आणि कोणामुळे घरी बसली, याचं उत्तर तुम्हालाही द्यावं लागेल.

आकडेमोड:
देतो. प्रभागवार आकडे काढून शनिवारी टाकतो. लॉरेन्स पार्कपासूनच सुरुवात करतो.