अनुभव धागा : नवा ब्लॉग टिकतो कशाने?

नवा ब्लॉग उघडणं दहा मिनिटांचं काम. सहा महिन्यांनी तो चालू असणं हे निराळंच प्रकरण. ब्लॉग चालवायच्या सेवांपैकी ब्लॉगर १९९९ पासून आहे, वर्डप्रेस २००३ पासून, आणि दोन-तीन नोंदींवर थांबलेले ब्लॉग दोन्हीकडे मुबलक सापडतात. ‘चिकाटी ठेवा’ हे सगळ्यांना माहीत आहे, त्यासाठी हा धागा नाही. ज्यांचं लिखाण वर्षानुवर्षं चालू आहे त्यांनी पद्धत लिहावी : आधी काय करायचं, कुठे अडतं, का अडतं. आत्मचरित्र नको, कृती द्या.

शिल्लकवाला

पत्ता कुणालाही देण्याआधी पाच नोंदी पूर्ण लिहून ठेवा. तीन प्रसिद्ध करा, दोन ड्राफ्टमध्ये राखून ठेवा. पहिल्या नोंदीचा उत्साह दुसरीला पुरतो. तिसरीच्या वेळी नेमकं आजारपण, परीक्षा किंवा पाहुणे येतात आणि खंड पडतो. खंडापेक्षा खंडानंतरचा संकोच वाईट, कारण ‘इतक्या दिवसांनी लिहायचं तर काहीतरी दमदार हवं’ असं वाटायला लागतं आणि ते दमदार काही सुचत नाही. शिलकीतली नोंद वापरली की पुढचं लिखाण आधी शिल्लक भरायला.

वेग ठरवताना सगळ्यात वाईट आठवडा डोळ्यांसमोर आणा. त्या आठवड्यातही झेपेल तो तुमचा वेग. बहुतेक नोकरदारांना पंधरवड्याला एक नोंद जमते, आठवड्याला दोन हा बेत महिनाभरात कोसळतो.

विषयांची यादी करताना नुसते विषय लिहू नका, प्रश्न लिहा. ‘बागकाम’ या नोंदीला शेवट नसतो, ती ड्राफ्टमध्येच लोळत पडते. ‘कुंडीतल्या रोपाची खालची पानं पिवळी का पडतात’ याला उत्तर आहे, त्यामुळे नोंद संपते. पाचशे ते आठशे शब्दांत उत्तर मावत नसेल तर बहुधा दोन प्रश्न एकात घुसलेत, त्यांना वेगळं करा.

नोंद ठरल्या वेळी आपोआप निघावी म्हणून शेड्यूल लावणार असाल तर सेटिंगमधला टाइम झोन आधी तपासा. तिथे दुसऱ्याच खंडाची वेळ असली तर सकाळी आठची नोंद भलत्याच वेळी निघते.

शोधकन्सोल

‘कुणी वाचत नाही’ या तक्रारीत निदान चार वेगवेगळी शून्यं असतात. नवीन माणूस सगळ्यांना एकच समजतो आणि लिहिणं सोडतो. माझ्या मते ब्लॉग बंद पडण्याचं मुख्य कारण हेच, आळस नंतर येतो.

पहिलं शून्य : शोधयंत्राला तुमचा ब्लॉग दिसतच नाही. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये शोधयंत्रांना ब्लॉग दिसू देण्याचं बटण आहे, ते चालू हवं. वर्डप्रेसमध्ये ‘वाचन’ सेटिंगखाली शोधयंत्रांना परावृत्त करण्याची चौकट असते, ती रिकामी हवी. ब्लॉग तयार होताना तिच्यात खूण करून ठेवतात आणि मग काढायला विसरतात.

दुसरं : दिसतो, पण शोधयंत्राच्या यादीत नोंदवलेला नाही. गूगल सर्च कन्सोलमध्ये (शोधात ब्लॉग कसा दिसतो ते सांगणारं गूगलचं साधन) ब्लॉगची मालकी सिद्ध करा, साइटमॅपचा (ब्लॉगवरच्या पत्त्यांच्या यादीचा) पत्ता द्या, मग नव्या नोंदीचा पत्ता वरच्या खिडकीत टाकून तपासा आणि नोंदणीची विनंती करा. नव्या ब्लॉगला याला काही दिवस ते काही आठवडे लागतात. रोज विनंती केल्याने रांग पुढे सरकत नाही.

तिसरं : नोंदवलेला आहे, पण क्लिक नाही. कामगिरीच्या अहवालात ‘इंप्रेशन’ (शोधात किती वेळा दिसला) आणि ‘क्लिक’ शेजारी शेजारी पाहा. इंप्रेशनही नाहीत तर त्या शब्दांनी कुणी शोधतच नाही. इंप्रेशन आहेत आणि सरासरी स्थान तिशी-चाळिशीत आहे, तर नोंद चौथ्या-पाचव्या पानावर पडलेली आहे. स्थान पहिल्या दहात असूनही क्लिक नसतील तर शीर्षक बदला. ‘मनातलं काही’ या शीर्षकावर अनोळखी माणूस का थांबेल?

चौथं शून्य प्रतिक्रियांचं. वाचतात पण लिहीत नाहीत, आणि हे अगदी नेहमीचं आहे. त्यावर उपाय शोधत बसू नका.

सर्च कन्सोल सोळा महिन्यांचा हिशोब ठेवतं, म्हणून ते पहिल्याच आठवड्यात जोडा. जोडण्याआधीचा बराचसा हिशोब मिळत नाही.

मात्रा-वेलांटी

शोधकन्सोलदादांच्या यादीत पर्मालिंक, म्हणजे नोंदीचा कायमचा पत्ता, राहिलं. शीर्षक देवनागरीत असलं की ब्लॉगर त्यातून पत्ता बनवू शकत नाही, मग सगळ्या नोंदींचे पत्ते ‘ब्लॉग पोस्ट’ आणि पुढे आकडा असे होतात. वर्डप्रेस देवनागरी पत्ता ठेवतं, पण तो कॉपी केला की एकेका अक्षराची नऊ चिन्हं होतात, मात्राही वेगळी मोजली जाते. अशी टक्क्यांच्या चिन्हांची भलीमोठी माळ कुणी उघडायला धजत नाही. प्रसिद्ध करण्याआधीच पत्ता हाताने द्या : रोमन लिपीत तीन-चार शब्द, मध्ये आडवी रेघ. नंतर बदलला तर जुने दुवे तुटतात आणि रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय) लावत बसावं लागतं.

आता दिसण्याबद्दल. इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममध्ये (ब्लॉगच्या रूपाच्या साच्यात) अक्षर १४-१५ पिक्सेल आणि ओळी दाटीवाटीने असतात. देवनागरीत वर रफार-मात्रा, खाली उकार, त्यामुळे ते एकमेकांत अडकतात. अक्षर १८ पिक्सेल, ओळींची उंची १.७ ठेवा. अक्षरांमधलं अंतर शून्य हवं, नाहीतर शिरोरेषा तुटते. दोन्ही कडा जुळवायचा मोह टाळा, कारण मोबाइलच्या अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये भगदाडं पडतात. तिरपं अक्षर नको, जोर द्यायचा तर ठळक करा. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ चालेल, पण साधं आणि ठळक एवढी दोनच वजनं लोड करा. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइली जड असतात.

श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवू नका. आत रोमन संकेत असतात, वाचकाला कचरा दिसतो. युनिकोडमध्ये रूपांतर करून मग ऱ्य, ऱ्ह, रफार, पहिली वेलांटी आणि ‘ॲ’ एवढ्या जागा डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच राहतात. वर्डमधून आणताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही. साध्या पेस्टने मागून अदृश्य फॉरमॅटिंग येतं आणि एकाच नोंदीत तीन आकारांची अक्षरं दिसतात.

अधूनमधून

शिल्लकवाल्यांशी अर्धाच सहमत. वेळापत्रक ताज्या विषयांना लागतं. संदर्भासाठी वाचल्या जाणाऱ्या नोंदींना (दुरुस्ती, व्याकरण, पाककृती, प्रवासाची माहिती) तारखेचं सोयरसुतक नसतं, शोधून येणाऱ्याला उत्तर हवं असतं. असं लिहिणाऱ्यांनी महिनाभर काही टाकलं नाही तरी बिघडत नाही. मात्र जुन्या नोंदी आपसांत जोडा. प्रत्येक नव्या नोंदीत दोन जुन्यांचे दुवे द्या, आणि एका जुन्या नोंदीत जाऊन नवीचा दुवा घाला. हे दुसरं कुणी करत नाही, आणि खरा फायदा त्याचाच.

बॅकअप-काकू

कंटाळून सोडलेला ब्लॉग परत सुरू होतो. हरवलेला बहुधा होत नाही.

ब्लॉगरमध्ये सेटिंगमधून आणि वर्डप्रेसमध्ये साधनांतल्या ‘एक्सपोर्ट’मधून बॅकअपची फाइल उतरते. दर दहा नोंदींनी उतरवा. तिच्यात नोंदी, पानं आणि प्रतिक्रिया असतात, चित्रं नसतात, त्यांचे फक्त पत्ते असतात. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये नोंदीच्या नावाने ठेवा. थीमही वेगळी उतरवावी लागते, विशेषतः तिच्या कोडला हात लावण्याआधी.

फोटो चढवताना रुंदी १२०० पिक्सेल पुरे, वजन २०० केबीच्या आसपास. मोबाइलचा मूळ फोटो तीन-चार एमबीचा असतो, तसे पाच लावले की मंद नेटवर पान उघडेपर्यंत वाचक निघून जातो.

ब्लॉगला दुसरं स्वतःचंच खातं प्रशासक म्हणून जोडा. एक खातं अडकलं तर दुसऱ्याने आत जाता येतं.

नवखी

दोन प्रश्न. ब्लॉगरच्या आकडेवारीत काल अचानक दोनशे भेटी दिसल्या, प्रतिक्रिया एकही नाही. हे खरे वाचक असतील का? आणि सुरुवातीच्या कच्च्या नोंदी आता वाचवत नाहीत, त्या काढून टाकू का?

शोधकन्सोल

ताई, बहुधा नाहीत. भेटी कुठून आल्या ते ‘रेफरर’मध्ये पाहा. अनोळखी पत्त्यांवरून एकगठ्ठा आल्या असतील तर ते बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम, असतात. कुतूहलाने त्या पत्त्यांवर क्लिक करू नका, त्यांना तेच हवं असतं. स्वतःच्या भेटी न मोजण्याची सोयही चालू करा. ती कुकीवर (ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या खुणेवर) चालते, म्हणून मोबाइल आणि संगणक दोन्हीवर वेगवेगळी लावावी लागते.

बॅकअप-काकू

काढू नकोस गं. आधी बघ, त्या नोंदीला सर्च कन्सोलमध्ये क्लिक आहेत का. असतील तर पत्ता तोच ठेवून मजकूर सुधार, आणि तथ्य बदललं असेल तर वर ‘सुधारित’ म्हणून तारीख टाक. क्लिक नसतील आणि विषय दुसऱ्या नोंदीत येऊन गेला असेल, तर कामाचा परिच्छेद तिकडे हलव, जुन्या पत्त्यावरून नव्याकडे रीडायरेक्ट लाव, मग ती ड्राफ्टमध्ये टाक. डिलीट मात्र करू नकोस. आणि हे सगळं महिन्यातून एकाच दिवशी कर, नाहीतर डागडुजीतच वेळ जाईल आणि नवी नोंद लिहायची राहील.