‘उंबरठा’ कालबाह्य? आधी घरात विचारून या

चिडकी बिब्बा: काल इथे एकाने लिहिलं, ‘उंबरठा’ सिनेमा (१९८२) आता जुना झाला, हल्ली बायका सर्रास परगावी नोकरी करतात, त्यातल्या सुलभा महाजनने महिलाश्रमातल्या नोकरीसाठी घर सोडलं त्यात एवढं काय! डोकंच फिरलं. गेल्या वर्षी माझी नांदेडला बदली झाली. मुलगा सातवीत, पुण्यात. पहिला प्रश्न सासूचा नव्हे, माझ्या सख्ख्या आईचा: “आणि त्याचा डबा?” नवरा दोन वर्षं मस्कतला होता, तेव्हा डब्याची आठवण कुणालाच झाली नव्हती.

कालचा आरोपी: मीच तो. आश्रमाचा भाग, म्हणजे आमदार, समिती, दोन बायकांचं नातं, हे आजही ताजं आहे. पटकथा लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना सलाम. पण तो भाग आठवतो कुणाला? सगळे ‘सुन्या सुन्या’ गुणगुणत बसतात.

बेसूर: त्या गाण्याचं नाव नको. भटांचे शब्द, हृदयनाथांची चाल, लताबाईंचा गळा, आणि हल्लीची पोरं त्यात हरकतींचा चिवडा करतात!

मीच राणी: सगळे सुलभा सुलभा करताय. तिच्या लेकीला, राणीला, सांभाळलं कुणी? जावेनं. माझी आई तालुक्याला नर्स होती, शनिवारी रात्रीच्या एसटीने यायची. मी काकूच्या कुशीत झोपलेली. आईने उचललं की भोकाड पसरायचे. आई तशीच उभी राहायची आणि काकू, जणू तिनेच काही चोरलंय, अशी स्वयंपाकघरात निघून जायची. निवृत्तीला आईचा सत्कार झाला. काकूचा?

चिडकी बिब्बा: म्हणजे आईने घरी बसायला हवं होतं?

मीच राणी: शब्द तोंडात कोंबू नका. सुलभाचा नवरा सुभाष होता ना, वकील, त्याच घरात! त्याने मुलीकडे बघायचं सोडून दुसरी बघितली.

कालचा आरोपी: सगळे नवरे तसे नसतात. बायको दिल्लीला होती, तेव्हा आठ महिने मुलीच्या वेण्या मी घातल्यात.

चिडकी बिब्बा: शाल कुठल्या रंगाची आणू?

कालचा आरोपी: आणा, श्रीफळही आणा. बरं, ‘कालबाह्य’ मागे घेतो. पण शेवट अजून पटत नाही. बाई गाडीत बसून चालली, पोरीचं काय?

बेसूर: पोरीचं काय ते राणीलाच विचारा. आणि ‘गगन सदन’ त्याच सिनेमातलं आहे, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मीच राणी: आत्ता काकूला फोन केला, म्हटलं ‘उंबरठा’ बघितलास का? म्हणाली, “नाही गं. सगळे गेले होते, तुझी आईसुद्धा. तुला ताप होता ना, मी थांबले.”