'आनुवंशिक अस्थिरता' की 'जनुकीय अस्थिरता'? की तिसरंच काही?

अनुस्वार:
रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय, विषय असा की वय वाढताना पेशींच्या आत काय बिघडत जातं आणि त्याचा कॅन्सरशी काय संबंध. दर दुसऱ्या ओळीला 'जीनोमिक इन्स्टेबिलिटी' येतंय. मी पहिल्या खर्ड्यात बिनधास्त 'आनुवंशिक अस्थिरता' लिहून टाकलं कारण जेनेटिक म्हणजे आनुवंशिक हे डोक्यात फिट बसलेलं. खर्डा शेजारच्या काकांना वाचायला दिला, त्यांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालंय आणि त्यांच्या रिपोर्टवर 'मायक्रोसॅटेलाइट इन्स्टेबिलिटी हाय' असं छापून आलंय. काकांनी दोन पानं वाचली, चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाले, "म्हणजे पोरांनाही होणार का गं हे?" मूळ पत्रकात असं कुठेच म्हटलेलं नव्हतं, माझ्या एका शब्दाने म्हटलं. काय लिहू आता?

कोशकिडा:
काका बरोबर आहेत, त्यांना मराठी नीट येतं एवढंच. आनुवंशिक म्हणजे वंशामागून चालत आलेलं, आपल्याकडे त्या शब्दाला दुसरा अर्थच नाही. इंग्रजीतला जेनेटिक मात्र एका पगारात दोन कामं करतो, 'आईबापांकडून आलेलं' पण तोच आणि 'जनुकांशी संबंधित' पण तोच. उन्हाने कातडीच्या एका पेशीत जो बिघाड होतो तो दुसऱ्या अर्थाने जेनेटिक, पण तो मुलाबाळांत जात नाही, त्या पेशीपासून झालेल्या पेशींतच राहतो. तिथे 'जनुकीय'च हवं. (आणि जाता जाता, 'अनुवांशिक' असा शब्द नाही हो, सगळे पेपरवाले लिहितात तरी नाही. अनुवंश, आनुवंशिक.)

सूक्ष्मदर्शी:
मी लॅबमधे आहे, त्यामुळे थोडी माशी शिंकते. 'जनुकीय' पण पूर्ण बसत नाही. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, त्यांच्या एका संचात डीएनएची साधारण ३ अब्ज अक्षरं, आणि प्रथिनं बनवायचे निरोप असलेली जनुकं २०,००० च्या आसपास, त्यांचा प्रत्यक्ष कामाचा मजकूर सगळ्या अक्षरांच्या १ ते २ टक्केच. तुटफूट काही जनुक बघून होत नाही, ती कुठेही होते. गुणसूत्रांच्या टोकांना 'टीटीएजीजीजी' ही सहा अक्षरं हजारो वेळा लिहिलेली असतात, पेशी विभागली की ती टोकं थोडी झिजतात, आता ही टोकं म्हणजे जनुक नव्हेच, तरी म्हातारपणाच्या चर्चेत सगळ्यात जास्त नाव त्यांचंच. म्हणून आम्ही बोलताना सरळ 'जीनोम' म्हणतो, म्हणजे पेशीतला सगळाच्या सगळा डीएनए.

आणि माझा खरा आक्षेप 'अस्थिरता'वर आहे. दर पेशीत दिवसाला डीएनएला १०,००० च्या वर इजा होतात, निरोगी माणसात सुद्धा, नुसत्या पाण्याने आणि श्वासातल्या ऑक्सिजनने. त्याला कोणी अस्थिरता म्हणत नाही कारण जवळजवळ सगळ्या दुरुस्त होतात. ही दुरुस्ती कशी चालते ते शोधल्याबद्दल २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिंडाल, मॉडरिच आणि संजार यांना मिळालं. दुरुस्ती मागे पडली आणि बदल साचायचा वेग वाढला की मग ती इन्स्टेबिलिटी. म्हणजे हा शब्द वेगाबद्दल आहे, स्थितीबद्दल नाही.

उगाचराव:
अस्थिर सरकार, अस्थिर मन, अस्थिर हवामान. तिन्ही उद्या ठीक होऊ शकतात. माझं टेबल पण अस्थिर आहे, पायाखाली कागदाची घडी सरकवली की झालं. जीनोमखाली काय सरकवणार?

सूक्ष्मदर्शी:
@उगाचराव हसू नका, मुद्द्यावरच बोट ठेवलंत. डुगडुगणारं टेबल हलतं आणि परत जागेवर येतं. इथे इजा आणि चूक असे दोन टप्पे आहेत आणि मराठीत दोन वेगळे शब्द वापरलेच पाहिजेत. इजा म्हणजे प्रुफावर पडलेला शाईचा डाग, दिसतो, पुसता येतो, डीएनएचे दोन धागे असल्यामुळे एकावर डाग पडला तर समोरच्या धाग्यावरून वाचून नीट करता येतं. पण डाग तसाच असताना पेशी विभागली, 'दिन'चं 'दीन' वाचलं गेलं आणि पुढच्या प्रतीत दोन्ही धाग्यांवर 'दीन' उमटलं, की संपलं. आता ते चुकीचं आहे हे ओळखायला समोर काहीच नाही, दोन्ही धागे एकमेकांना साक्ष देतात. ते उत्परिवर्तन. इजा दुरुस्त होते, उत्परिवर्तन साचतं.

अनुस्वार:
हे भारी आहे, मी पत्रकात दोन्हीला 'बिघाड' लिहिलं होतं. आणि दोन्ही धागे एकदम तुटले तर?

सूक्ष्मदर्शी:
तर पेशीपुढे दोन रस्ते. एक, मिळतील ती टोकं धरून गाठ मारायची, काम पटकन होतं पण गाठीत दोनचार अक्षरं जातात, किंवा भलतीच टोकं जुळतात. ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे असेच अदलाबदल होऊन रक्ताच्या एका कॅन्सरमधलं फिलाडेल्फिया गुणसूत्र बनतं, १९६० मधे दिसलं होतं ते. दुसरा रस्ता रफूचा. शेजारच्या जुळ्या प्रतीवर बघून वीण तशीच्या तशी भरायची. बीआरसीए १ आणि २ ही जनुकं ज्यांच्यामुळे सगळ्यांना माहीत झाली ते स्तनाचे आणि अंडाशयाचे कॅन्सर, तिथे हा रफूवालाच कामावर येत नाही आणि सगळीकडे गाठीच गाठी होतात.

कोशकिडा:
रफू! मस्त. मग आमच्या बाजूचं पण ऐका. 'रोग' हा शब्द ज्या 'रुज्' धातूवरून येतो त्याचा धातुपाठातला अर्थ 'भंग', म्हणजे मोडणे. तुटलेल्या धाग्यांच्या गप्पा चालल्यात म्हणून आठवलं, लगेच प्राचीनांना सगळं माहीत होतं म्हणून उड्या मारू नका, हाडं त्यांचीही मोडायची.

म्हातारपणाच्या शब्दांची तर मजाच आहे. 'वृद्ध' म्हणजे वाढलेला, वृद्धी मधला वृध्. 'म्हातारा' आला 'महत्तर' वरून, म्हणजे जास्त मोठा. दोन्हीत झिजण्याचं नाव नाही. झीज आहे ती 'जरा', 'जीर्ण', 'जर्जर' या घराण्यात, सगळे 'जॄ' चे. अजीर्ण पण त्यातलंच, जे जिरलं नाही ते. म्हणून माझी सूचना, वय वाढणं आणि जीर्ण होणं हे पत्रकात वेगळं ठेवा. इंग्रजीत एजिंग एकच शब्द दोन्हीकडे लावतात आणि मग विशीतल्या माणसाला एजिंग झालंय म्हटलं की वाचणारा गोंधळतो.

अनुस्वार:
@कोशकिडा हो हो, वर्नर सिंड्रोमचा परिच्छेद आहे तसा! विशी-तिशीत केस पांढरे, मोतीबिंदू, आणि मूळ कारण डीएनएचा पीळ उलगडून दुरुस्तीला वाट करून देणारं एक जनुक निकामी. 'अकाली वृद्धत्व' लिहिलं होतं, आता 'अकाली जीर्णता' करते.

उगाचराव:
पण एक सांगा, चुका साचतात म्हणून म्हातारपण येतं, की म्हातारपण येतं म्हणून चुका साचतात? माझ्या लिखाणात दोन्ही दिसतं.

सूक्ष्मदर्शी:
यावर अजून भांडणं चालू आहेत. २०१३ मधे एका गाजलेल्या लेखात जीर्णतेच्या नऊ खुणांची यादी आली, २०२३ मधे त्याच लोकांनी ती बाराची केली, दोन्हीत पहिलं नाव जीनोमच्या अस्थिरतेचं. २०२२ मधे सोळा सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या पेशी तपासल्या, तर उंदराच्या पेशीत वर्षाला साधारण ८०० नवी उत्परिवर्तनं आणि माणसाच्या ४७. उंदीर दोनतीन वर्षं जगतो, माणूस ऐंशी, त्यामुळे शेवटी साचलेला ढीग दोघांचा फार वेगळा नसतो. हे फार बोलकं आहे, पण सोबत जाणं म्हणजे कारण असणं नव्हे, त्यामुळे पत्रकात 'मुळे' लिहू नका, 'संबंध आहे' लिहा. कॅन्सरच्या बाबतीत मात्र 'मुळे' खुशाल लिहा.

अनुस्वार:
'मुळे' काढलं. आता मुख्य प्रश्न, काकांना काय सांगू? 'तुमच्या पोरांना काही नाही' असं सांगून टाकू का?

सूक्ष्मदर्शी:
नाही! ते सांगू नका ताई, इथेच गंमत आहे. काकांच्या रिपोर्टमधल्या शब्दाचा अर्थ असा की छोट्या छोट्या पालुपदासारख्या ओळी, एएएएए किंवा सीएसीएसीए वगैरे, त्या उतरवताना पेशी घसरतेय, कुठे एक जास्त कुठे एक कमी, आणि प्रूफ तपासणारी प्रथिनं ते पकडत नाहीयेत. आतड्याच्या कॅन्सरमधे असा रिपोर्ट आला तर बहुतेकांत तपासनीसाचं जनुक त्या कॅन्सरच्या गाठीतच बंद पडलेलं असतं, वारशाचा प्रश्न नाही. पण थोड्या लोकांत त्या जनुकाची एक बिघडलेली प्रत जन्मापासून असते, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात, आणि ती मुलांत जायची शक्यता निम्मी. कोणतं आहे ते पुढच्या टेस्टने कळतं, त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगा. म्हणजे वारशाने अस्थिरता येत नाही, वारशाने येतो तो नीट न तपासणारा तपासनीस, अस्थिरता मग एकेका पेशीत नव्याने घडत जाते. आणि या रिपोर्टची चांगली बाजू पण सांगा, अशा कॅन्सरच्या गाठींवर इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारे उपचार) बऱ्याचदा चांगली लागू पडते, २०१७ मधे अमेरिकेत त्यातल्या एका औषधाला कॅन्सर कुठल्या अवयवाचा ते न बघता नुसत्या या खुणेवर मान्यता मिळाली.

अनुस्वार:
आत्ताच जाऊन आले. 'जीनोमची अस्थिरता' असं वाचून दाखवलं, काका म्हणाले ठीक आहे पण काही कळलं नाही. मग तुमचं सगळं सांगितलं, डाग, गाठ, रफू, तपासनीस. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न त्यांनी रिपोर्टच्या पाकिटावरच लिहून घेतला. आणि मग मला म्हणाले, "अगं मग 'पेशीतली दुरुस्ती मागे पडते' असं लिही ना, त्या अस्थिरतेला कशाला आणतेस मधे." तर आता मथळा असा केलाय: 'पेशीतली दुरूस्ती मागे पडते तेव्हा'. खाली एकदाच 'जीनोमची अस्थिरता' हा शब्द, डॉक्टरांच्या तोंडी येईल तेव्हा ओळखू यावा म्हणून. चालेल ना?

कोशकिडा:
चालेल काय, पळेल. फक्त मथळ्यात 'दुरूस्ती' झालंय, रु ऱ्हस्व हवा. छापायच्या आत बघा.

उगाचराव:
तपासनीस कामावर आहे.

अनुस्वार:
केला ऱ्हस्व. 😄