क्लासबाहेरचे बर्गरचे गाडे हटवायचे म्हणता, पण पोरांच्या ताटात काय आहे?

अंबाजोगाईकर:
लातूरच्या ट्यूशन एरियात शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या गटात एक निरोप फिरतोय. क्लासच्या आसपासचे बर्गरचे गाडे हटवावेत, त्यासाठी सगळ्यांनी सह्या करून महापालिकेकडे अर्ज द्यावा आणि मुलांना 'आपली भाकरी' खायची सवय लावावी, असं त्यात म्हटलंय. माझी मुलगी तिथेच होस्टेलला राहून नीटची तयारी करते. मी सही करणार नाही. का ते लिहितो.

एक तर बर्गर चवीला चांगला लागतो. आपण मोठी माणसं हे उघड बोलत नाही. गरम कुरकुरीत टिक्की, मऊ पाव, गार कोबी, वरून आंबटसर मेयॉनीज. रविवारची टेस्ट संपली की मुलगी मैत्रिणींबरोबर गाड्यावर जाते, तासभर गप्पा होतात. आठवडाभर जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्रात बुडालेल्या मुलीचा हा एक तास काढून घ्यायला माझं मन धजत नाही.

तुलना करायची तर नीट करू. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेल साखळ्यांना २०२२ पासून मेन्यूवर कॅलरी लिहाव्या लागतात. मॅकडोनाल्ड्सच्या आलू टिक्की बर्गरचा आकडा ३४० च्या आसपास आहे. बसस्थानकासमोरच्या भज्यांच्या प्लेटवर असा आकडा कुणी लिहीत नाही, आणि ती भजी कुठल्या तेलात, कितव्यांदा तळली हेही कुणी विचारत नाही. तळणातल्या तेलात खराब झालेले घटक, म्हणजे टोटल पोलर कंपाउंड, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा नियम २०१८ पासून आहे. तो बर्गरवाल्याला लागू आहे तसा भजेवाल्यालाही. मग अर्जात एकट्या बर्गरचं नाव का?

मला खरी काळजी मेसच्या ताटाची आहे. दुपारी पोळी, बटाटा, पातळ वरण, डोंगराएवढा भात. रात्री पुन्हा तेच. पालेभाजी कधीतरी. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. जिथे बर्गर अजून पोचलेला नाही अशा गावांतल्या बायकाही त्यात आल्या. त्यांचं रक्त बर्गरने कमी केलेलं नाही. अर्ज करायचाच असेल तर मेसच्या ताटासाठी करू, मी सगळ्यात आधी सही करतो.

मेसवाली काकू:
दादा, ताटाला नावं ठेवणं सोपं आहे. मी लातुरात मेस चालवते, म्हणून सांगते. पोळ्या लाटायला बाया भेटतात, भाकरी थापणारी शोधून सापडत नाही. सापडली तर मजुरी जास्त मागते, आणि तिचं बरोबरच आहे, शंभर लेकरांच्या भाकरी थापायच्या म्हणजे तव्यापुढं जीव भाजून निघतो. त्यात ज्वारी गव्हापेक्षा महाग. भाकरी गार झाली की लेकरं हात लावीत नाहीत.

पालेभाजी मी करते. मेथी करते, थंडीत करडईची कोवळी भाजी करते, अंबाडी करते. ताटं परत येतात तेव्हा भाजी तशीच असते. का? सहाला गाड्यावर उभं राहून खायलेत, आठला माझ्याकडं येऊन म्हणायलेत, काकू भूक नाही. भूक मारूनच लेकरू ताटावर बसलं तर मी काय वाढू? मी तर अर्जावर अंगठा पण देईन.

रिपीटर:
काकू, राग मानू नका, पण सहाला भूक लागते तेव्हा मेस बंद असते. सकाळी नाश्ता आठला आणि रात्रीचं जेवण आठला. मध्ये दुपारी बाराला जेवलो की सहापर्यंत क्लास. त्या वेळेला उघडं काय असतं? बर्गर, मोमो, वडापाव, मंच्युरियन. फळाचा गाडा लांब आहे आणि दोन केळ्यांनी पोट भरत नाही. मेसमध्ये सहाला सुशीला (चुरमुऱ्यांचा उपमा) किंवा धपाटं मिळालं तर मी बर्गरकडे जाणार नाही असं नाही, पण रोज जाणार नाही.

आहारतज्ज्ञ_परभणी:
अंबाजोगाईकर सर, तुमचा हिशेब कॅलरीवर थांबतो. मला तिथेच हरकत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना संस्थेतच मुक्कामाला ठेवलं. दोन आठवडे कारखान्यातलं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न. दोन्हीकडे वाढलेल्या कॅलरी, साखर, मीठ, स्निग्धांश, तंतू सारखे ठेवले आणि हवं तेवढं खायची मोकळीक दिली. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या दिवसांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत त्यांचं वजन साधारण एक किलोने वाढलं. २०१९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

आता गाड्यावरचा बर्गर बघा. टिक्की गोठवलेल्या पाकिटातली, बन मैद्याचा, मेयॉनीज आणि चीज स्लाइस कारखान्यातून आलेले. मऊ असल्यामुळे तो भरभर खाल्ला जातो आणि पोट भरल्याची जाणीव व्हायच्या आत संपलेला असतो. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीन ग्रॅमही नसतात. भाकरी चावावी लागते, वेळ घेते, म्हणून कमी खाऊनही माणूस तृप्त होतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते, आणि बन, चीज, सॉस, फ्राइज हे एकत्र आले की त्यातला मोठा वाटा एका बैठकीत संपतो.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून जास्त उंबरठ्यावर आहेत. आमच्याकडे येणारे रुग्ण वर्षागणिक तरुण होत चाललेत. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. क्लासला जाणारं लेकरू शाळेतल्याच वयाचं आहे. त्याच्यासाठी तीच मागणी केली तर बिघडलं काय?

औसेकर शेतकरी:
बर्गरवर भांडायलात, पण भाकरी गेली कुठं ते बगा. आमच्या शिवारात माझ्या लहानपणी रब्बीला मालदांडी ज्वारी असायची. आता खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. ज्वारी काढायची म्हणजे हातानं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. त्या कामाला माणूस भेटंना. पाखरं राखायला पोरगं नाही. सोयाबीनला हार्वेस्टर फिरला की रान मोकळं. जनावरं कमी झाली तशी कडब्याचीही गरज घटली, नाहीतर कडब्यासाठी तरी माणूस ज्वारी पेरायचा.

आणि तो मेयॉनीज म्हणता ना, त्यात बरंचसं तेलच असतंय, बहुतेक वेळा सोयाबीनचं. म्हंजे जी ज्वारी मोडून आम्ही सोयाबीन केलं, त्याचंच तेल लेकरांच्या पावात चाललंय. आणि भाव विचारला तर म्हणतात बाहेर देशातून तेल आलंय, तुमच्या मालाला उठाव नाही. मला बर्गर आवडतो का नाही हा प्रश्नच नाही. ज्वारी घरी खायला तरी दोन-चार गुंठे पेरा म्हणून मी भावकीला सांगतो. गाडे हटवून ज्वारी रानात येत नाही.

अंबाजोगाईकर:
आहारतज्ज्ञ ताई, अभ्यासातल्या त्या माणसांना दोन आठवडे तीन वेळा तेच अन्न होतं. माझी मुलगी आठवड्यातून एकदा खाते. त्या अभ्यासातून रोजच्या खाण्याबद्दल जे निघतं ते मला पूर्ण पटतं. रविवारच्या संध्याकाळवर ते लागू करणं मला पटत नाही. ५० मीटरचा नियम शाळांसाठी आहे, तिथे तो पाळावाच. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना, ज्यांना पुढच्या वर्षी आपण एकटं मुंबईला किंवा नागपूरला पाठवणार, त्यांना आपण गाडा दिसूच नये अशी व्यवस्था किती दिवस करणार? नागपूरला गाडे नसतील का?

आणि रक्तक्षयाबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुमच्याच परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण आणलं, लोह आणि जस्त जास्त असलेलं. अशी ज्वारी मेसपर्यंत आणायची मोहीम काढा, मी पैसे देतो.

आहारतज्ज्ञ_परभणी:
रक्तक्षयावर एकट्या वाणाने भागत नाही. डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, त्यावर लिंबू, आणि जेवल्याबरोबर चहा नको, चहाने लोह कमी शोषलं जातं. लोहाच्या गोळ्या लागतात तिथे गोळ्याही. हे सगळं मी मुलींना सांगतेच. पण संध्याकाळी पोट मैदा आणि तेलाने भरलेलं असेल तर या ताटाला जागा कुठून येणार? काकू म्हणतात ते मी रोज बघते.

भूमचे गुरुजी:
बहात्तरच्या दुष्काळात आम्ही अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली. भाकरी नीट होत नसे, चवीला उतरत नसे, पण रोजगाराच्या कामावर तेच मिळे, आणि लेकरांना सुकडी. आवडतं की नाही असं त्या वेळी कुणी विचारलं नाही. त्यामुळे लेकरानं आवडीचं काही मागितलं की मला आधी आनंद होतो. तरी नातवाला मी हुरड्याला शेतावर नेतोच. आगटीतला गरम हुरडा आणि तिळाची चटणी खाल्ली की तोही म्हणतो, आजोबा अजून द्या. त्याला भाकरीची सक्ती कधी केली नाही.

मेसवाली काकू:
रिपीटर बाळा, सहाला धपाटं द्यायला माझी ना नाही. पण मग दोन बाया वाढवाव्या लागतात, गॅस वाढतो. मागच्या वर्षी महिन्याला दोनशे रुपये वाढवते म्हटलं तर पालक दुसऱ्या मेसला निघाले. तेच लेकरू बर्गरवर महिन्याला त्याच्या कितीतरी पट उडवतंय. दादा, तुमी पैसे देतो म्हणायलात, तर आधी गटात हे मांडा की.

अंबाजोगाईकर:
आज रात्रीच मांडतो, काकू. सहाच्या खाण्याचे पैसे वेगळे धरून.

उदगीरची आई:
अंबाजोगाईकर, तुमची मुलगी रविवारीच खाते, चांगलं आहे. माझा मुलगा रोज खातो. मोबाइलवरून दिलेले पैसे माझ्या खात्यातून जातात, म्हणून मला कळतं. सोमवारी बर्गर, मंगळवारी बर्गर आणि फ्राइज, बुधवारी पुन्हा. त्याच्या वडिलांना चाळिशीतच साखर निघाली, आजोबांचा पाय त्यानेच गेला. त्याला समजावून झालं, रागावून झालं. समोरच गाडा असताना सतरा वर्षांच्या पोराने रोज स्वतःला आवरावं, ही अपेक्षा मला जास्त वाटते. सहाचं धपाटं सुरू करा, त्याचे पैसे मीही देते. पण अर्जावर माझी सही झालेली आहे आणि उदगीरच्या बाकीच्या पालकांकडे मी तो घेऊन जाणार आहे.